चावी कुणाकडे? बडोद्यातल्या एका मेकरस्पेसचं प्रकरण

बडोद्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी मेकरस्पेस, म्हणजे विद्यार्थ्यांनी आपल्या हातानं वस्तू बनवून पाहायची खुली कार्यशाळा, सुरू झाला. जुन्या फिटिंग शॉपचा अर्धा भाग मोकळा करून तिथं थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, सोल्डरिंगची टेबलं, अर्डुइनोची (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाची) किट आणि हातहत्यारं ठेवली. शेजारच्या शॉपमधले लेथही, म्हणजे वस्तू गरगर फिरवून तिला आकार देणारी यंत्रं, याच कामासाठी खुले केले. कुठल्याही शाखेचा, कुठल्याही वर्षाचा विद्यार्थी इथं येऊन काहीही बनवू शकेल, असं उद्घाटनाच्या भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं आणि दारावर तशी पाटीही लागली. पहिलं वर्ष संपताना दारातली नोंदवही चाळली, तर पानोपानी तीच ती नावं. जवळजवळ सगळे मुलगे. बहुतेक मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सचे, शहरात राहणारे, इंग्रजी माध्यमातून आलेले.

मी याच महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवते आणि मेकरस्पेसच्या समितीवर आहे. संस्थेचं नाव आणि माणसांची नावं इथं गाळली आहेत. पण जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशाच जागा आता गावोगावच्या महाविद्यालयांत उभ्या राहत आहेत. शाळांसाठी २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, सहावी ते बारावीसाठी, प्रत्येक शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान देऊन. अभियांत्रिकीसाठी एआयसीटीईनं, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं, २०२१ मध्ये आयडिया लॅबची योजना आणली. यंत्रं येतील. ती कोण वापरणार, याचा विचार यंत्रांच्या खरेदीबरोबरच व्हायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं.

आम्ही काही मोठा अभ्यास हाती घेतला नव्हता. नोंदवही आणि वर्गांचे हजेरीपट शेजारी ठेवून पाहिले, एवढंच. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशात अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमांत मुलींचं प्रमाण सुमारे २९ टक्के आहे. ते कमी आहे हे खरंच, पण आमच्या वर्गांत मुली होत्या. गुजराती माध्यमातून आलेले होते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, ज्यांना इकडे सगळे डीटूडी म्हणतात, तेही होते. छोटा उदेपूर, संखेडा, डभोई, पादरा, करजण इथून रोज अपडाउन करणारे होते. एवढी सगळी मुलं हजेरीपटावर होती आणि नोंदवहीत नव्हती. म्हणजे प्रवेशाच्या यादीत जी विविधता सरकारनं आणि आरक्षणानं कष्टानं आणून ठेवली होती, ती आमच्याच इमारतीत, वर्गापासून वर्कशॉपपर्यंतच्या पन्नास पावलांत गळून पडत होती.

या शहरात ही गोष्ट विशेष लागते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथं कलाभवन काढलं आणि ते प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती सोपवलं. सुतारकाम, रंगाई, विणकाम, यंत्रकाम असे हाताचे विषय तिथं शिकवत, आणि तेही देशी भाषेतून. दादासाहेब फाळके तिथं शिकले. पुढं याच कलाभवनातून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाली. कारागिराचं कसब आणि पुस्तकी विज्ञान एका छपराखाली आणण्याचा विचार आम्हाला कुठून आयात करायचा नव्हता. आणि दुसरी आठवणही याच शहराची. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये बडोदे सरकारनं शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी परत आले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही आणि शहर सोडावं लागलं. राज्यकर्त्यानं दार उघडलं तरी आत बसलेली माणसं जागा देतीलच असं नाही. समितीच्या बैठकांमध्ये मी हे दोन्ही दाखले एकत्र देत असे.

न येणारे काय सांगत होते

पहिली माहिती दिली ती वर्कशॉपच्या काकांनी. ते शहरातल्या वाडी भागात राहतात, या शॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली आणि कुठला विद्यार्थी कोणत्या हातानं कानस धरतो तेही त्यांना ठाऊक असतं. मी विचारलं, "काका, मुली का येत नाहीत इकडे?"

"येतात की मॅडम. दारापर्यंत येतात. आत चार जण टेबलाभोवती कोंडाळं करून उभे असतात. त्यांना बाजूला सरका कोण म्हणणार? बघतात आणि जातात."

दांडिया बाजारात राहणारी, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी एकदा आत गेली होती. ती म्हणाली, "मॅडम, गेल्या गेल्या विचारतात, प्रोजेक्ट काय आहे? माझ्याकडे प्रोजेक्ट नव्हता. मला नुसतं सोल्डरिंग शिकायचं होतं." तिच्या या एका उत्तरात आमच्या जागेतली मोठी अडचण होती. जो काहीतरी आधीच जाणतो, ज्याच्या शाळेत टिंकरिंग लॅब होती किंवा घरात कुणी इंजिनिअर आहे, त्यालाच पहिल्या दिवशी सांगण्यासारखा प्रोजेक्ट असतो. शिकण्यासाठी काढलेल्या जागेत शिकून आलेल्यांचाच निभाव लागत होता.

मग आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून मुलांशी बोलायला सुरुवात केली. कँटीनमध्ये, स्टँडवर, प्रॅक्टिकलच्या आधी. एकेक कारण अगदी साधं होतं. जागा संध्याकाळी पाच ते आठ उघडी असे. अपडाउनवाल्यांची गाडी त्याच वेळात. वसतिगृहातल्या मुलींची हजेरी त्याच वेळात. शहरातल्या कित्येक मुलींना घरून दिवेलागणीच्या आत परत ये असं सांगितलेलं. ज्याच्याकडे दुचाकी आहे आणि घरी कुणी वाट पाहत नाही, त्याच्यासाठीच ती वेळ होती, आणि ती वेळ ठरवताना हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

लेझर कटरजवळ एक सूचना चिकटवलेली होती: साहित्य वाया गेल्यास भरपाई घेतली जाईल. शिष्यवृत्तीवर शिकणारा एक मुलगा मला म्हणाला, अॅक्रिलिकची शीट केवढ्याला येते ते आधी विचारलं आणि मग मशीनकडे फिरकलोच नाही. पहिल्या प्रयत्नात चुकणार हे ज्याला माहीत आहे आणि चुकलेल्या तुकड्याचे पैसे ज्याच्या खिशात नाहीत, त्यानं काय करावं? ती सूचना ज्यांनी लावली त्यांचा हेतू उधळपट्टी थांबवण्याचा होता. थांबली ती गरीब मुलं.

सुरक्षेचं प्रशिक्षण तासाभराचं, इंग्रजी स्लाइडवर, आणि शेवटी मोबाइलवर भरायची प्रश्नावली. डिप्लोमाला दोन-तीन वर्षं लेथवर काम केलेली गुजराती माध्यमाची मुलं त्या प्रश्नावलीला बिचकून मागं राहिली. ज्यांनी लेथला कधी हात लावला नव्हता ती पास होऊन आत आली. हे सांगताना मला आजही वाईट वाटतं.

आणि खोली स्वतः. भिंतींवर रेसिंग कार, लढणारे रोबो, ड्रोन. सप्ना चेरियन आणि सहकाऱ्यांचा २००९ मधला एक प्रयोग मी समितीपुढं ठेवला. संगणकशास्त्राच्या एकाच खोलीत आधी स्टार ट्रेकची पोस्टर, व्हिडिओ गेम वगैरे ठेवले, मग ते काढून निसर्गचित्रं आणि साध्या वस्तू ठेवल्या. पहिल्या खोलीत बसलेल्या मुलींनी या विषयात कमी रस दाखवला, दुसऱ्या खोलीत तो वाढला. विषय तोच होता. एका सहकाऱ्याला हे पटलं नाही, पोस्टरनं काय होतंय असं त्यांचं म्हणणं. पोस्टर काढायला त्यांनी हरकत मात्र घेतली नाही.

चणियाचोळी

नवरात्र जवळ आलं होतं. बडोद्यात नवरात्राच्या महिनाभर आधीपासून मुलांचं दुसऱ्या कशात लक्ष नसतं. आम्ही एक सूचना लावली, गुजराती आणि हिंदीत: चणियाचोळीला किंवा केडियाला (मुलांच्या गरब्याच्या घेरदार अंगरख्याला) दिवे लावायला शिका, प्रोजेक्ट नसला तरी चालेल, साहित्य महाविद्यालयाचं, वेळ दुपारी. एक शिवणयंत्र आणलं आणि ते मागं कोपऱ्यात न ठेवता दारासमोरच्या टेबलावर मांडलं.

यामागं एक आधार होता. लीआ ब्यूकली यांनी कापडावर शिवता येईल असा लिलीपॅड नावाचा अर्डुइनो तयार केला, २००७ मध्ये तो बाजारात आला. पुढं त्यांनी आणि बेंजामिन हिल यांनी तो कोण विकत घेतं, त्याचे प्रकल्प कोण करतं हे तपासलं, तेव्हा साध्या अर्डुइनोच्या मानानं स्त्रियांचा वाटा कितीतरी मोठा निघाला. आतली चिप बरीचशी तीच. भोवतीची सामग्री बदलली, कशासाठी वापरायचं ते बदललं, तशी माणसं बदलली.

विरोध झाला. "हा शिवणवर्ग झाला, अभियांत्रिकी कुठं आहे?" असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विभागाच्या बैठकीत विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचं उत्तर काय घडलं ते सांगूनच देते.

पहिल्या दुपारी प्रत्येकीनं बटन सेलवर एक एलईडी पेटवला. सगळ्या खूश. दुसऱ्या दुपारी लाल आणि निळे एलईडी एकाच सेलला समांतर जोडले, तर लालच पेटले, निळे काळोखात. तारा तपासल्या, उलटसुलट केलं, निळे बदलले. शेवटी मल्टिमीटर आला आणि मग कळलं की लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या आसपास लागतात. लाल आपल्या दोन व्होल्टवर प्रवाह ओढून घेतो आणि तो बटन सेल बिचारा दाबाखाली येतो, निळ्यापर्यंत पुरेसा व्होल्टेज उरतच नाही. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर का लावायचा हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं होतं. त्या दिवशी ते पेटलं. मग हिशेब सुरू झाला: घेराला वीस दिवे, प्रत्येकी पाच मिलिअँपिअर म्हटलं तरी शंभर, आणि बटन सेलची एकूण धारणाच दोनशेवीस मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, शिवाय एवढा प्रवाह तो एका वेळी देऊच शकत नाही. लिथियमची बॅटरी लावावी का? अंगाला घासणारी, घामानं भिजणारी, गर्दीत धक्के खाणारी जागा. मुलींनी स्वतःच नको ठरवलं आणि साध्या पेन्सिल सेलवर आल्या.

याच टप्प्यावर दांडिया बाजारातल्या त्या मुलीनं आईला आणलं. त्या घरी शिवणकाम करतात. वर्कशॉपमध्ये येताना त्यांना फार संकोच वाटत होता. काकांनी खुर्ची दिली, पोरांनी "काकू, बसा" म्हटलं, आणि मग त्यांनी चणिया हातात घेऊन पाहिला. तारा अशा उघड्या राहिल्या तर गरब्यात पहिल्याच फेरीत तुटतील, म्हणाल्या, आणि पायपिंगच्या आतून तार ओवून दाखवली. सेलची डबी नेफ्यात, पाठीमागच्या बाजूला, कारण वजन तिथं जाणवत नाही. मग त्यांनी विचारलं, "हे धुवायचं कसं?"

कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. तासभर चर्चा झाली. उत्तर काकूंच्याच डब्यात होतं: टिचबटणं. धातूची असल्यानं ती वीजही वाहतात. दिव्यांची पट्टी टिचबटणांनी लावायची, धुताना काढायची. कनेक्टर, देखभाल, वापरणाऱ्याची गरज, हे सगळे शब्द आम्ही अंतिम वर्षाच्या डिझाइनच्या पेपरात वापरतो. इथं पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुली ते करून मोकळ्या झाल्या. ज्येष्ठ सहकारी पट्टी हातात घेऊन बराच वेळ बघत होते. पुढच्या बैठकीत त्यांनीच या कामाला अंतर्गत गुण द्यावेत असं सुचवलं, हे मुद्दाम नोंदवते.

नवरात्र संपल्यावर यातल्या काही जणी थांबल्या, काही गेल्या. थांबलेल्यांतल्या एका गटानं विश्वामित्रीच्या पुराचा विषय घेतला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि त्यातल्या एकीच्या घरी तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. जमिनीलगतच्या प्लगपर्यंत पाणी पोहोचायच्या आत भोंगा वाजवणारं साधं तरंगतं स्विच त्यांनी केलं. इथं प्रोजेक्ट काय आहे असं कुणाला विचारावं लागलं नाही.

एक सावधगिरीही सांगते. मुलींसाठी म्हणजे कापड आणि रंगीत दिवे, असा समज या प्रयोगातून झाला तर तो घातक ठरेल. त्या मुलींतल्या दोघींना शिवणाचा मनस्वी कंटाळा होता आणि त्या थेट लेथकडे गेल्या. केडियाला दिवे लावायला मुलगेही आले होते, त्यातले काही पहिल्यांदाच. आम्हाला दरवाजे जास्त हवे होते, एक बंद करून दुसरा उघडायचा नव्हता.

संखेड्याचा मुलगा

संखेडा बडोद्यापासून फार दूर नाही. तिथल्या सागवानी, लाखेच्या रंगाच्या फर्निचरला भौगोलिक मानांकन आहे. खरादी घराण्यांत हे काम पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. लाकूड खरादावर, म्हणजे लाकडाच्या लेथवर, फिरतं, त्यावर लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून पसरते, मग केवड्याच्या पानानं आणि अकीकाच्या दगडानं घोटून चकाकी आणतात. कथिलाची नक्षी लाखेखाली सोन्यासारखी दिसू लागते.

अशा घरातला एक मुलगा डीटूडीनं आमच्याकडे आला होता. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. काकांच्या लक्षात आलं ते त्याच्या उभं राहण्यावरून. "मॅडम, हा पोरगा लेथपुढं आजचा उभा राहिलेला नाही," ते म्हणाले.

मला फार आनंद झाला आणि लगेच वाटलं की यानं सगळ्यांना हे दाखवावं. पण आधी त्याला विचारलं, हे बरं झालं. घरच्या कामाबद्दल तो नम्रपणे पण स्पष्ट बोलला. वडिलांनी त्याला पदवीला घातलं ते खरादावरून उठवण्यासाठी. पाहुणे आले की आपल्याला कारागिराचा मुलगा म्हणून पुढं करतील, हे त्याला नको होतं. लाकडी लेथवर दुसऱ्यांना शिकवायला मात्र तो तयार होता. त्यामुळं कुठलंही प्रात्यक्षिक झालं नाही, पाहुण्यांपुढं तर नाहीच. तो शिकवू लागला, आणि फार चांगला शिकवू लागला. पुढं त्याच्याच कल्पनेतून एक छोटा अभ्यास झाला: खरादाचा वेग आणि कांडीचा दाब बदलला की पृष्ठभागाचं तापमान आणि लाखेचा थर कसा बदलतो. इन्फ्रारेड तापमापक, टॅकोमीटर, आलेख. वडिलांना हे वेग कानानं कळतात, असं तो म्हणाला, आपण फक्त आकडे लावतो आहोत.

विविधता वाढवायच्या उत्साहात मुलांच्या घरच्या ओळखीला आपण फार सहज शोभेची वस्तू करतो. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासी मुलीला त्यांचं पारंपरिक पिठोरा चित्र काढायला सांगायचं आणि मुस्लिम मुलाला पतंगाची कामटी तासायला. तिला कदाचित ड्रोन करायचा असेल. तिला विचारावं.

चावी

आधी मेकरस्पेसची चावी वाहन-स्पर्धेच्या संघाच्या कप्तानाकडे असे. कुणी ठरवून दिली नव्हती. तो रात्री उशिरापर्यंत काम करायचा, म्हणून सोयीनं त्याच्याकडे गेली आणि दरवर्षी एका कप्तानाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. संघानं जागा बळकावली असं मी म्हणणार नाही, ती मुलं मनापासून राबतात. पण दार कधी उघडायचं, कुठलं टेबल कुणाचं, नवीन माणसाला पहिला प्रश्न कुठला विचारायचा, हे सगळं चावीबरोबर जात होतं. वेळ, भाषा, साहित्य यांत आम्ही जे बदल केले ते उपयोगी पडलेच. तरी या प्रकरणातला सगळ्यात मोठा फरक चावी हलवल्यानं पडला, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत जॉर्जिया टेकमधला इन्व्हेन्शन स्टुडिओ विद्यार्थीच चालवतात हे आम्हाला माहीत होतं. आम्ही विद्यार्थी-प्रभारी नेमले, जोडीनं. जोडीतला एक जुना जाणता, दुसरा किंवा दुसरी त्याच वर्षी नव्यानं येऊ लागलेली. दुपारच्या सुट्टीत आणि रिकाम्या तासांना जागा उघडी राहू लागली, संध्याकाळही राहिली. प्रभारींना थोडं मानधन द्यायचं ठरवलं. यावर बरीच ओढाताण झाली. मुलांनी सेवाभावानं करावं असं काहींचं म्हणणं. पण फुकट वेळ ज्याला परवडतो तोच सेवाभाव दाखवू शकतो. सुट्टीत शिकवण्या घेऊन घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला आपण फुकट बस म्हटलं की चावी पुन्हा जुन्याच हातात जाते. पैसे आणले कुठून? तिसरा थ्रीडी प्रिंटर घेतला नाही.

भरपाईची सूचना काढून तिथं उरलेल्या तुकड्यांची पेटी ठेवली: अॅक्रिलिक, एमडीएफ, अर्धवट रिळं. पहिले प्रयत्न त्यातूनच करायचे, त्याचा हिशेब मागायचा नाही. साहित्याची नासाडी वाढेल ही भीती खरी ठरली नाही, कारण पूर्वी जे नवीन शीटवर थेट काम करायचे तेही आधी पेटीत हात घालू लागले.

सुरक्षेची चाचणी मशीनपुढं उभं करून, गुजराती, हिंदी, मराठी किंवा इंग्रजीत, हातानं करून दाखवायची झाली. जुन्या वापरकर्त्यांनाही ती पुन्हा द्यावी लागली. चकमध्ये (लेथच्या, वस्तू पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात) किल्ली तशीच ठेवून लेथ सुरू करायला निघालेल्यांत काही मुरलेली नावं होती.

केसांचा आणि ओढणीचा प्रश्न इथंच आला. फिरत्या यंत्रापुढं ओढणी, मोकळे केस, सैल बाही चालणार नाही, यात तडजोड नाही. २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या कार्यशाळेत रात्री एकटी काम करणाऱ्या विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकले आणि ती दगावली. आमच्याकडे नियम होता तो पोशाखाचा: योग्य कपडे नसतील तर परत जा. सलवार-कमीज घालून आलेल्या मुली परत जात आणि पुन्हा येत नसत. आता दाराशी टोप्या आणि मागून बांधायचे, अंगाला घट्ट बसणारे ॲप्रन असतात. ओढणी काढून ठेवायला खुंटी आहे. लांब केस असलेल्या मुलांनाही टोपी लागते. आणि लेथवर एकट्यानं कुणीही काम करायचं नाही, रात्री तर नाहीच. या शेवटच्या नियमावर स्पर्धासंघ सगळ्यात जास्त नाराज झाला.

फक्त मुलींसाठी आठवड्यातून एक दुपार ठेवावी का, यावर मुलींमध्येच दोन तट पडले. ज्या रुळल्या होत्या त्यांना ते कमीपणाचं वाटे. ज्या पहिल्यांदा येत होत्या त्यांना ती दुपार हवी होती. पहिलं यंत्र हाताळताना कुणी मागून हात घालून "दे, मी करतो" म्हणणारं नसावं, एवढीच त्यांची अपेक्षा. सत्राच्या सुरुवातीचे आठवडे ती दुपार ठेवायची आणि मग बंद करायची, असं ठरलं. मला हे योग्य वाटतं.

जिथं बदल झाला नाही

नोंदवही आता हजेरीपटाच्या जवळ आली आहे, पण सारखी झालेली नाही. अपडाउनवाले दुपारी येतात, परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी तेच गळतात. कुबड्या घेऊन चालणारा एक विद्यार्थी आहे, त्याच्यासाठी उतार झाला, टेबलांची उंची मात्र अजून तीच आहे आणि तो सोल्डरिंग स्टुलावर टेकून करतो. हे लाजिरवाणं आहे आणि खर्चाचंही फारसं नाही.

सगळ्यात चिवट जागा स्पर्धासंघांची. पिथमपूरला होणाऱ्या बाहा स्पर्धेसाठी गाडी बनवणाऱ्या संघात मुली आल्या, आकडा सुधारला, अहवालात तो छापलाही गेला. जवळून पाहिलं तर त्या अहवाल लिहीत होत्या, सादरीकरण करत होत्या, प्रायोजकांना पत्रं पाठवत होत्या. वेल्डिंग, चॅसी, गिअरबॉक्स मुलांकडे. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. त्यांचं अक्षर चांगलं, इंग्रजी चांगलं, म्हणून काम तसं वाटलं गेलं, आणि वर्षाच्या शेवटी मुलाखतीत गाडीचं सस्पेन्शन कुणी केलं असं विचारल्यावर उत्तर मुलांकडेच होतं. गुजराती माध्यमाच्या डीटूडी मुलांच्या बाबतीत याच्या उलट: त्यांच्याकडं सगळं कापणं-जोडणं, आणि परीक्षकांपुढं बोलायला कधीच नाही. दोघांचंही नुकसान एकाच वाटणीनं होतं.

प्रत्येकाला दोन यंत्रांची चाचणी सक्तीची केली. ती कागदावर पार पडली आणि वाटणी तशीच राहिली. मग विभागानं अंतर्गत मूल्यमापन बदललं: परीक्षक संघातल्या कुणालाही बोलावून कुठलाही भाग समजावून द्यायला सांगेल, कुणालाही एक जोड करून दाखवायला सांगेल, आणि गुण संघाला मिळतील. यानंतर मुली वेल्डिंगच्या पडद्यामागं दिसू लागल्या, आणि एका डीटूडी मुलानं ब्रेकचा हिशेब गुजरातीत समजावून पूर्ण गुण घेतले. सगळ्या संघांत हे झालेलं नाही.

आता नवी इमारत होते आहे. मेकरस्पेस तिथं न्यायचा, दाराला कार्डची यंत्रणा बसवायची आणि नवोपक्रमाचा शुल्क असलेला ऐच्छिक विषय घेणाऱ्यांनाच कार्ड द्यायचं, असा प्रस्ताव आहे. यंत्रं महाग आहेत, जबाबदारी निश्चित हवी, हे प्रस्ताव मांडणाऱ्यांचं म्हणणं मला समजतं. काकाही लवकरच निवृत्त होत आहेत आणि त्यांची जागा कंत्राटी पद्धतीनं भरायचं चाललं आहे. मी समितीला विरोधाचं टिपण दिलं आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत: कार्ड चाचणीवर द्यावं, शुल्कावर नाही, विद्यार्थी-प्रभारींचं मानधन अंदाजपत्रकात कायम राहावं, आणि काकांच्या जागी कायम नेमणूक व्हावी, काका निवृत्त होण्याच्या किमान एक सत्र आधी, म्हणजे नवा माणूस त्यांच्याबरोबर उभा राहून शिकेल. निर्णय पुढच्या सत्राच्या आधी होणाऱ्या बैठकीत आहे. त्या बैठकीला दोन विद्यार्थी-प्रभारींना बोलवायचं समितीनं मान्य केलं आहे, आणि कोण जाणार ते प्रभारींनी आपसांत ठरवलं आहे: दांडिया बाजारातली ती मुलगी आणि संखेड्याचा तो मुलगा.